कुणाला परवडली ही वाईन?

मागच्या अंकात आपल्याच एका मित्राचं टिपण छापून आलं. ‘आवडती गिटार, परवडणारी वाईन.’ ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मित्राच्या फ्लॅटवर मंडळी जमतात. दिवे बारीक करतात. गिटारीचं एकेक गाणं लावायचं आणि त्याला शोभेल अशी वाईन ओतायची, हा कार्यक्रम. अट एकच, बाटली सातशे रुपयांच्या आतली पाहिजे. मग यादी. मिसिसिपीच्या जुन्या ब्लूजबरोबर शिराझ, कारण म्हणे दोन्हींत मातीचा वास आहे. फ्लॅमेंकोबरोबर शेरी, ती मिळाली नाही तर कोणतीही कोरडी पांढरी. दुपारच्या हलक्या गिटारीबरोबर चेनिन ब्लाँ, ‘स्वस्त आणि मस्त’. आणि शेवटी ठणकावून सांगितलंय की अभिरुची ही कुणाच्या बापाची मक्तेदारी नाही. ब्लूज हे काळ्यांचं गाणं, पँथर आपण काळ्यांकडून घेतला, तेव्हा ही बैठक आपल्याच परंपरेतली.

मक्तेदारी नाही, कबूल. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पोरानं काचेच्या प्याल्यातून प्यायलं म्हणून ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. दुखू द्या. आणि मी दारूबंदीचा प्रचारकही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती कोण किती पाळतो ते मला दिसतं, तुम्हालाही दिसतं. विद्रोही कवितेच्या बैठकांत काय काय रिचवलं गेलं त्याचा हिशेब काढायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. तो हिशेब आज नको.

माझं भांडण दोन शब्दांशी आहे. एक ‘मातीचा वास’. दुसरा ‘परवडणारी’.

दोस्ता, मिसिसिपीतल्या कापसाच्या त्या मातीत ज्यांचं गाणं उगवलं त्यांची ती माती नव्हती. गुलामी कायद्यानं गेली आणि अर्धेलीची शेती आली. जमीन गोऱ्याची, घाम काळ्याचा, पीक निम्मं निम्मं. त्या निम्म्यातून मालकाच्या दुकानातली वर्षभराची उधारी कापायची, पीठ, डुकराची चरबी, कापड, बी-बियाणं. वही मालकाकडे, लिहिणारा हात मालकाचा. वर्षाच्या शेवटी हिशेब झाला की माणूस उलट देणेकरी निघायचा. आपल्याकडच्या सालगड्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या मातीला वास असेल, पण तो शिराझच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहितात तसला नव्हे.

आणि वाईन? कुठली वाईन? मिसिसिपी राज्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दारूबंदी आली आणि ती उठली थेट १९६६ साली. सगळ्या अमेरिकेत सर्वांत शेवटी. म्हणजे तू ज्या ज्या गाण्याबरोबर प्याला भरतोस त्यातलं बहुतेक गाणं दारूबंदीच्या राज्यात जन्मलंय. तिथल्या सरकारचा बनेलपणा ऐक. १९४४ पासून हे सरकार बेकायदा दारूवर रीतसर कर वसूल करत होतं! बंदी पण चालू, वसुली पण चालू. आपल्या हातभट्टीच्या हप्त्याला निदान पावती तरी नसते.

मग ती माणसं प्यायची काय? टॉमी जॉन्सन हे नाव तुझ्या यादीत नाही. असायला हवं होतं. १९२८ मध्ये त्यानं ‘कॅन्ड हीट ब्लूज’ रेकॉर्ड केलं. कॅन्ड हीट म्हणजे स्टर्नो. स्टोव्हसारखं पेटवायचं, डब्यातलं घट्ट इंधन. पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष घातलेलं असायचं. लोक ते फडक्यात घालून पिळायचे आणि खाली गळेल ते प्यायचे. टॉमी स्वतः प्यायचा. त्याचं गाणं त्याच्या स्वतःच्या तोंडचा पंचनामा आहे. १९३० मध्ये तर ‘जेक’नं कहर केला. जेक म्हणजे आल्याचा अर्क. औषध म्हणून दुकानात मिळायचा, आत अल्कोहोल भरपूर, म्हणून गरीब लोक घ्यायचे. त्यात कुणी तरी नफ्यासाठी एक कारखानी रसायन मिसळलं आणि हजारो माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. काळे, गोरे, सगळे गरीबच. इश्मन ब्रेसीनं त्याच साली त्याच्यावर गाणं रेकॉर्ड केलं. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूनं माणसं मेली, मालवणीत तर शंभराच्या वर. तेव्हा आपल्यातल्या कुणी गिटार हातात घेतली नाही, पण मेलेली माणसं तीच होती. ज्यांना ‘परवडणारी’ तेवढीच होती ती.

गिटार आणि बाटली यांची एक खरी जोडी ब्लूजमध्ये आहे आणि ती मित्राला दिसली नाही, याचं मला नवल वाटतं. बाटलीची मान फोडायची, कड घासायची, बोटात अंगठीसारखी घालायची आणि तारेवरून सरकवायची. तो रडका, माणसासारखा सूर येतो तो त्या काचेतून. बोटात काच नसेल तर चाकूचं पातं. पोरांकडे गिटारही नसायची. झाडूची तार सोडवून भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली एक रिकामी बाटली अडकवायची. झालं वाद्य. बाटलीत काय होतं हे कोण विचारतंय? ती रिकामी होती म्हणून उपयोगाची.

आता तू म्हणशील, ब्लूजमध्ये वाईन नाही कशी? आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आहे. १९४९ मध्ये स्टिक मॅगी नावाच्या गिटारवाल्याचं वाईन ढोसण्यावरचं एक गाणं तुफान चाललं. ॲटलांटिक या नव्या रेकॉर्ड कंपनीचं ते पहिलं मोठं यश. ती वाईन कोणती? जेवणाबरोबर घोट घोट घ्यायची नव्हे. वरून अल्कोहोल घालून कडक केलेली, गोड, स्वस्त. दक्षिण सोडून शहरात कामाला आलेल्या काळ्या माणसाच्या खिशातली.

इथं तुझ्या ‘परवडणारी’चा जन्म आहे, दोस्ता, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॅलिफोर्नियात मोडेस्टो नावाचं गाव आहे. तिथं गॅलो बंधूंनी १९३३ मध्ये वाईनचा कारखाना काढला. पुढे तो जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाला. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या विक्रेत्यांना असं दिसलं की काळ्यांच्या वस्तीतल्या दुकानात लोक कडक पांढरी पोर्ट घेतात आणि तिच्यात लिंबाचा रस पिळून पितात. कंपनीनं तेच मिश्रण बाटलीत भरलं आणि १९५७ मध्ये बाजारात आणलं. नाव ‘थंडरबर्ड’. साध्या वाईनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के असतं, हिच्यात वीसच्या आसपास. जाहिरात कशी केली? रेडिओवर, गाण्यात, काळ्यांच्या रस्त्यावरच्या बोलीत, सवाल-जबाब पद्धतीनं. त्या जिंगलमध्ये बाटलीची किंमतसुद्धा गायलेली होती. साठ सेंट!

बघ. गाणं त्यांचं, बोली त्यांची, लिंबू पिळायची युक्ती त्यांची. बाटली कंपनीची. गाण्याला वाईन जोडायचं काम तुझ्या आधी साठ-सत्तर वर्षांपूर्वी जाहिरातवाल्यांनी करून ठेवलंय, तेही ‘परवडणाऱ्या’ दरात. त्यानंतर त्या वस्त्यांतले फुटपाथ कसे दिसायला लागले ते तिथल्या लोकांना विचारावं. बोंब इतकी झाली की १९८९ मध्ये कंपनीनंच सॅन फ्रान्सिस्कोतल्या भणंग वस्तीतून ही बाटली काही काळ काढून घेतली.

आता पँथरचं. तू पँथरचं नाव घेतलंस म्हणून. ब्लॅक पँथर पार्टी १९६६ मध्ये ऑकलंडला निघाली. तिच्याकडे बघून १९७२ मध्ये मुंबईत आपली निघाली. त्या मूळ पार्टीची छापील नियमावली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या आसपासच नियम आहे की पार्टीचं रोजचं काम करताना कुणीही दारू प्यालेला असता कामा नये. हा नियम का करावा लागला असेल? तिथले पोरगे साधुसंत नव्हते, तेही प्यायचे, म्हणूनच. पण ज्या वस्तीत थंडरबर्डची गाणी रेडिओवर वाजत होती त्या वस्तीत राहून त्यांनी तो लिहिला. परंपरा सांगायची तर हीही सांग.

कॅलिफोर्नियातली दुसरी गिटार तर मित्राच्या यादीत औषधालाही नाही. ती मळ्यातली आहे.

८ सप्टेंबर १९६५ ला डेलानो गावाच्या परिसरात फिलिपिनो द्राक्षमजुरांनी काम थांबवलं. मागणी होती तासाला एक डॉलर चाळीस सेंटची. आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. लॅरी इटलिओंग, सीझर चावेझ, डोलोरेस ह्युर्ता ही नावं त्या लढ्यातली. संघटनेच्या कागदांत एक नोंद आहे. एका मळ्यावर उन्हातान्हात राबणाऱ्या सगळ्या मजुरांना पाणी प्यायला बिअरचा एकच रिकामा डबा होता. दुसऱ्या एका मळ्यावर पेलाभर पाण्याला पंचवीस सेंट मोजून घ्यायचे. पाण्याला! चवदार तळ्याचं पाणी आपण १९२७ मध्ये ओंजळीत घेतलं. इथं अडतीस वर्षांनंतर, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, जी माणसं जगाच्या तोंडात रसाळ द्राक्षं घालत होती ती पाण्याला पैसे मोजत होती.

त्याच साली लुईस वाल्देझ आणि ऑगस्टिन लिरा या दोघांनी ‘तेआत्रो कांपेसिनो’ म्हणजे शेतमजुरांचं नाटक उभं केलं. रंगमंच कुठला? उघड्या ट्रकचा हौदा. ट्रक बांधावर उभा करायचा, गळ्यात पाट्या अडकवायच्या, ‘मालक’, ‘फितूर’, ‘संपवाला’, आणि लिराच्या हातात गिटार. मळ्यात अजून काम करणाऱ्या मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात गाणी. मजूरच नट, मजूरच प्रेक्षक. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा ज्यांनी पाहिला किंवा बापाच्या तोंडून ऐकला त्यांना हा ट्रक अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे ढोलकी-तुणतुणं होतं, त्यांच्याकडे गिटार.

१९६६ मध्ये डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत पंचवीस दिवसांचा लाँग मार्च निघाला. रोज रात्री मुक्कामाला गाणी आणि नाटकं. मार्च रस्त्यावर असतानाच शेनली या दारू कंपनीनं करार केला. खाण्याच्या द्राक्षांवर देशभर बहिष्कार पडला आणि १९७० च्या जुलैत डेलानोचे मळेवाले सहीला बसले. गॅलोनं १९६७ मध्ये करार केला होता. तो १९७३ मध्ये संपल्यावर त्यांनी दुसऱ्या, सोयीच्या युनियनशी सूत जमवलं. मग गॅलोच्या वाईनवर बहिष्कार. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मोडेस्टोपर्यंत, कारखान्याच्या दारात, हजारो माणसांचा मोर्चा. त्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियानं शेतमजुरांना युनियन निवडण्याचा हक्क देणारा कायदा केला. बहिष्कार १९७८ ला मागे घेतला.

या गिटारीबरोबर कोणती वाईन जाते, सांग ना. तिच्याबरोबर न उघडलेली बाटली जाते. पाच वर्षं लोकांनी ती दुकानात तशीच ठेवली होती.

शेरीचं लवकर आटपतो. शेरी हे नाव स्पेनमधल्या हेरेस गावावरून आलं आणि फ्लॅमेंकोची जी मोठी घराणी आहेत त्यातली कितीतरी त्याच हेरेसच्या जिप्सी मोहल्ल्यांतली, सांतियागो आणि सान मिगेल. मित्राची जोडी नकाशावर बरोबर आहे. पण जमीनदारांची पोरं रात्री-बेरात्री या जिप्सींना बोलावणं धाडायची, पहाटेपर्यंत गाऊन-वाजवून घ्यायची, शेरी पाजायची आणि पैसे मर्जीनुसार. आपल्याकडच्या तमाशाच्या बारीत आणि वाड्यावरच्या बैठकीत काय चालायचं ते ज्याला माहीत आहे त्याला आणखी काय सांगू? याच जिप्सींना १७४९ मध्ये स्पेनच्या राजानं एका फर्मानानं देशभर एकाच वेळी पकडलं होतं, पुरुष जहाजांच्या गोदीत सक्तमजुरीला, बायका-पोरं वेगळ्या कोंडवाड्यात. आणि त्यांच्या भाषेत पाण्याला अजून पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान. ते आपल्याच मुलखातून गेले. तेव्हा शेरी ओतताना निदान आवाज खाली ठेव.

राहिली चेनिन ब्लाँ. स्वस्त आणि मस्त. हे द्राक्ष जगात सर्वांत जास्त पिकतं ते दक्षिण आफ्रिकेत. तिथं केपला पहिली वाईन निघाली १६५९ मध्ये. डच कंपनीनं मळे उभे केले ते गुलामांच्या हातांनी, आणि त्या गुलामांत बंगालची, कोरोमंडलची, मलबारची माणसं होती. त्यांनी आणलेलं एक वाद्य तिथं रुजलं. रामकी म्हणतात त्याला. भोपळ्याची, पुढे पत्र्याच्या डब्याची, तीन-चार तारांची गिटारच. अठराव्या शतकात केपला राहून गेलेल्या एका जर्मन माणसानं लिहून ठेवलंय की ती मलबारच्या गुलामांकडून तिथल्या खोईखोई लोकांनी उचलली. म्हणजे आपल्याकडून नेलेल्या गुलामाच्या हातात गिटार आणि त्याच्याच हातून निघालेली वाईन. मित्राच्या यादीला याहून जुनी जोडी मिळायची नाही.

आणि तिथं मजुरी काय होती? वाईनच. ‘डॉप’ म्हणायचे त्याला. सकाळी कामावर आला की एक पेला, मग दिवसातून ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा, संध्याकाळी सुटताना एक. जी वाईन विकायच्या लायकीची नाही ती मजुराच्या घशात. त्याला व्यसन लागलं की तो मळा सोडून जात नाही, साखळीचा खर्च वाचतो. कायद्यानं बंदी १९६० च्या दशकात आली, पण १९९० नंतरही मळ्यामळ्यांवर हे चालू होतं. पोटात असताना आईच्या दारूनं बाळाचा मेंदू आणि शरीर खुरटतं, त्या आजाराची जगात नोंदलेली सर्वांत मोठी प्रमाणं याच वाईनच्या मुलखातली आहेत. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये द डोर्न्सच्या द्राक्षमजुरांनी रस्ते अडवले तेव्हा त्यांची दिवसाची किमान मजुरी एकोणसत्तर रँड होती. मागितले दीडशे. २०१३ मध्ये मिळाले एकशे पाच.

बाटली सातशे रुपयांच्या आत येते ती अशी येते. कुठे तरी कुणाच्या तरी ताटातून ती किंमत आधीच कापलेली असते.

नाशिकही यातून सुटत नाही. चेनिन ब्लाँ तिथंही पिकतं, तुझी बाटली बहुधा तिथलीच. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर छाटणीला आणि खुडणीला टोळ्या येतात त्या पेठ, सुरगाण्याच्या आदिवासींच्या. बायका, पोरं, चूल, गाठोडं घेऊन. वाईन फेस्टिव्हलला गिटार वाजते तेव्हा त्या स्टेजसमोर त्यांना कुणी पाहिलंय? २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली तेव्हा आपल्याला समजावलं गेलं की वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं हित आहे. असेल. पण त्याच सुरगाण्यातल्या बाईनं घरी मोहाची काढली तर १९४९ चा दारूबंदी कायदा तिच्या दारात उभा. द्राक्ष पिंपात गेलं की धोरण, मोह मडक्यात गेला की गुन्हा! आपल्या मित्राची अभिरुची नेमकी धोरणाच्या बाजूला जाऊन बसली, आणि तिथं बसायला जागा आपल्याला आत्ताच मिळालीय म्हणून तो खूश आहे.

टिपणात फ्लॅटच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असल्याचं आवर्जून लिहिलंय. बरं केलंस. पुढच्या शनिवारी मी येतो. येताना टॉमी जॉन्सन घेऊन येतो, लिराची गाणी मिळाली तर तीही. तू चहा टाक. दिवे मात्र नेहमीसारखे बारीक नको, मोठे ठेव, कारण यादी पुन्हा करायला बसायचंय आणि या वेळी प्रत्येक बाटलीसमोर तिची किंमत लिहायची झाली तर ती कुणी, किती आणि कशात मोजली, असा एक रकाना जास्तीचा आखून ठेव.